वेताळापुढे वाचन

"इंग्रजी शिकलेल्याला भूत धरत न्हाय म्हनत्यात. मंग हिला का घाम सुटलाय?"

भागी हे सासूच्या कानात म्हणाली, पण आमच्या पडवीत कानात बोललेलं वाडीतल्या रहाटापर्यंत ऐकू जायचं. मी पाणी प्यायला थांबले होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं, आणि पुस्तकातला फिरंगी कप्तान हातात न पेटवलेला कंदील घेऊन किल्ल्यातून बाहेर पडला होता. तो आमच्याच घरामागच्या गल्लीतून येत होता आणि ओल्या मातीत त्याच्या बुटांचा ठसा उमटत नव्हता. मला घाम खरंच फुटला होता. भागीची सासू चांगुणा हातातली सुपारी सोलत राहिली. साल ढिगावर टाकल्यावर म्हणाली, "वाचू दे तिला. पन पेटवायचाच न्हाय तर कंदील घेतलाय कशाला त्यानं?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही देता येत नाही, आणि माझा असा समज आहे की लेखकालाही ते ठाऊक नव्हतं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मुंबईहून चौलला काका-काकूंकडे आले होते. निकाल लागेपर्यंत इथेच राहायचं होतं. शाळा नन्सची, त्यामुळे माझं मराठी घरातल्या घरात वापरायचं, जेवायला मागण्यापुरतं. मोठ्या माणसांशी बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात लावून बघायची, आणि ते नीट लागेपर्यंत विषय तिसरीकडेच गेलेला असायचा. मग मी नुसतीच बघत बसायची. बघायला चौलला पुष्कळ होतं. पहाटे रहाट सुरू व्हायचा आणि त्याची कुरकुर ऐकतच जाग यायची. काका बैलामागे फिरत काहीतरी पुटपुटायचे. ते स्तोत्र आहे की बैलाला शिव्या आहेत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी वालाचं बिरडं, भात आणि आमसुलाची कढी. कैऱ्या मिठाच्या पाण्यात घातलेल्या असायच्या, त्यांची बरणी काकू माझ्यापासून लपवायची आणि मी ती शोधायची, हा आमचा न बोलता चाललेला खेळ होता. जेवणं झाली की पडवीत असोल्या सुपारीचा ढीग ओतला जायचा. उन्हात वाळून सालं खडखडीत झालेली असायची. चांगुणा, भागी आणि काकू तिघी पाय पसरून बसायच्या आणि दिवस कलेपर्यंत सोलायच्या. मला सोलता येत नसे. एकदा प्रयत्न केला तर अंगठ्याचं साल आधी निघालं.

पुस्तक दिगूमामांचं होतं. दिगूमामा म्हणजे काकूचा धाकटा भाऊ, मुंबईत एका विमा कचेरीत कारकून. बारीक चणीचा, जाड भिंगांचा, पालीला आणि कुत्र्याला सारखाच घाबरणारा हा माणूस. बहिणीकडे आला की तिन्हीसांजेनंतर विहिरीकडे जाताना कोणाला तरी सोबत घ्यायचा. त्याने 'काळ्या बुरुजाचा कप्तान' नावाची कादंबरी लिहिली आणि ती छापून आली, ही बातमी घरात कोणाला खरीच वाटली नाही. मग टपालाने पुस्तक आलं. कव्हरवर जांभळ्या आभाळाखाली काळा बुरूज होता. त्यावरून एक बाई खाली पडत होती आणि खाली तिला झेलायला, किंवा खायला, दात विचकलेलं काहीतरी उभं होतं. काकूने पुस्तक देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, त्या दातांवरही वाहिलं, आणि मला म्हणाली, "सुधे, दुपारी मोठ्यांदा वाच. माझ्या भावाने काय लिहिलंय ते सगळ्यांना कळू दे." काकूला वाचता येत होतं, पण तिचं म्हणणं असं की आपल्या माणसाचं पुस्तक आपण वाचायचं नसतं, दुसऱ्याकडून ऐकायचं असतं.

वाचन संपलं की काकू पुस्तक ट्रंकेत टाकून किल्ली कमरेला लावायची. मी एकटीने पुढे वाचू नये म्हणून. "भ्यायचं तर सगळ्यांनी मिळून," ती म्हणायची. माझं मराठी वाचन अडखळतं होतं, जोडाक्षर आलं की मी थांबायची, आणि कादंबरीत 'रक्तपिपासू' आणि 'छिन्नविच्छिन्न' असे शब्द पानोपानी होते. पण बायकांना माझं थांबणंच आवडायला लागलं. त्यांना वाटायचं, मी मुद्दाम थांबते आहे. एखाद्या दाराआड काय आहे ते सांगण्याआधी मी अडले की तिघींचे हात सुपारीवर तसेच राहायचे. भागी पदराचं टोक दातात धरायची. मग ते अक्षर एकदाचं लागायचं आणि तिघी सुस्कारा टाकायच्या.

गोष्ट थोडक्यात सांगते. फिरंग्यांच्या काळात खाडीच्या तोंडावर बुरूज बांधायला घेतात आणि तो रात्रीतून ढासळतो. कप्तानाला कोणीतरी सांगतं की चुन्यात माणसाचं रक्त कालवल्याशिवाय तो उभा राहायचा नाही. कप्तान माणसं पळवायला लागतो. होता होता तो स्वतःही माणूस राहत नाही. बुरूज आणि तो एकच होऊन जातात. गावातल्या मुलीला, मृणालिनीला, भिंतीत चिणायचं ठरतं. तेव्हा एक मांत्रिक कप्तानाशी लढायला वेशीवरच्या वेताळाला जागं करतो. फिरंग्यांच्या काळात चौलमध्ये मृणालिनी नावाची मुलगी कुठून आली, हे मी विचारलं नाही. ती दर प्रकरणात एकदा बेशुद्ध पडायची. भागीचं तिच्याविषयी स्पष्ट मत होतं. "हिला काम न्हाय काय घरात? सारखी आपली पडतेय." कप्तानाविषयी मात्र तिचं मत तितकं वाईट नव्हतं. एकदा साल काढता काढता ती म्हणाली, "दिसायला देखना असंल, न्हाय? टोपी घालतो ना." चांगुणाने तिच्याकडे असं पाहिलं की पुढची दोन पानं भागीने मान वर केली नाही.

मला लोक विचारतात, लहानपणी कोणतं पुस्तक आवडलं, आणि मी शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांपैकी एखाद्याचं नाव घेते, कारण ते सोपं असतं. पण खरं आवडलेलं हेच, आणि ते आवडलं हे कबूल करायला मला आजही थोडं अवघडायला होतं. परवा पुन्हा काढून वाचलं. भाषा फुगलेली आहे. वारा आला की तो घोंघावतोच, बाई आली की ती थरथरतेच. रक्त इतकं आहे की निम्म्यानंतर ते कोकमाच्या आगळासारखं वाटायला लागतं. आणि तरी ओहोटीला उघडा पडलेला तो बुरूज, त्याच्या पायाशी चिखलात चालणारे खेकडे, आणि एकही खेकडा बुरुजाला शिवत नाही हे एक साधं वाक्य, तिथे मी थांबतेच. शाळेत वाचलेल्या भुतांची घरं बर्फात असायची, त्यांच्याकडे बटलर असायचे. हे भूत मी रॉकेल आणायला जायची त्या गल्लीतून चालत आलं. आपली गल्ली पुस्तकात येऊ शकते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ज्याने हे पहिल्यांदा दाखवलं त्याच्यावर मी अजून पुरती रागावू शकलेले नाही.

रागावण्याचं कारण मात्र घडलं. वेताळ जागा झाला. फिरंग्यांची फौज त्याने एका रात्रीत फस्त केली. इथवर सगळ्या खूष होत्या, काकूने तर "बरं झालं" म्हणून सुपारी जोरात फोडली. पण मग दिगूमामाच्या वेताळाला रक्ताची चटक लागली. मांत्रिकाला तो आवरेना. तो गावात शिरला आणि पाळण्यातल्या मुलाकडे वाकला. मी वाचत होते, खरं सांगायचं तर अंगावर काटा येऊन वाचत होते, इतकं चांगलं लिहिलेलं पान त्या पुस्तकात दुसरं नाही. आणि चांगुणा उठून उभी राहिली. मांडीवरची सालं झटकली.

"आमचा येताळ पोराला हात लावनार? आमचा?"

वेशीवरच्या उंडीच्या झाडाखाली वेताळाचा दगड होता आणि त्याची पूजा चांगुणाच्या सासरी पिढ्यान् पिढ्या होती. आता तिचा दीर राघो ती करायचा. काकू म्हणाली, "अगं, गोष्ट आहे ती."

"गोष्टच हाय, तर दुसऱ्याचं नाव घालायचं. वरसाला एक कोंबडा लागतो त्याला. तो बी आमीच खातो. रगत पितोय म्हनं. माझी तिन्ही पोरं तापात असताना कुनाच्या पायावर घातली व्हती वैनी? तुमच्या भावाच्या?" मग ती सुनेला म्हणाली, "चल." भागी उठली, पण तिची नजर पुस्तकावर होती. जाता जाता तिने मला डोळ्यांनी विचारलं, वाचलं का ते पोर. मला माहीत नव्हतं. एकच प्रकरण उरलं होतं, आणि काकूने पुस्तक ट्रंकेत टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला: पुस्तक खाडीत सोडा, मग सुपारीला येतो. गावातली दुसरी कोणी बाईही येईना. पडवीत सुपारी तशीच पडून राहिली, काकूने एकटीने सोलायला घेतली आणि तिची बोटं दुखायला लागली. काका पहिल्यांदाच पुरतं वाक्य बोलले: "भाऊ लिहितो, आणि सुपारी माझी अडते." काकू माहेरच्या अभिमानाने पुस्तक सोडायला तयार नव्हती. माझी दोन्हीकडून ओढाताण होत होती. पहिल्यांदा मला चांगुणाचा राग हास्यास्पद वाटला होता. नन्सच्या शाळेत शिकलेल्या मुलीला तसंच वाटणार. मग मी विचार केला, कोणी माझ्या आजोबांचं नाव घालून त्यांना पोरं खाणारा लिहिलं असतं तर मला गोष्ट म्हणून ऐकता आलं असतं का? वेताळ हा त्यांच्या घरातला म्हातारा होता, जरा तापट, पण घरातला. आणि तरीही त्या म्हाताऱ्याची बदनामी झाली तेच पान मला सगळ्यांत आवडलं होतं. यातलं काहीही मी कोणाला बोलून दाखवलं नाही. भागी मात्र एकदा कपडे धुवायला जाताना मागच्या दाराशी थांबली आणि कुजबुजली, "ताय, वाचलं का पोर?" मी मान हलवली, ट्रंकेकडे बोट दाखवलं. तिने कपाळाला हात लावला.

अशात दिगूमामा आले. लाँचने रेवसला, तिथून यष्टीने, हातात पेढ्यांचा पुडा. पुस्तकाचं कौतुक ऐकायला आले होते. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकूने सगळं सांगितल्यावर ते खाली बसले ते एका सुपारीवर, आणि पुन्हा उठले. संध्याकाळी राघो स्वतः आला. तो भांडायला आला नव्हता. तो म्हणाला, "मानसांनी कशाला तंटा करायचा? ज्याचं नाव घेतलंय त्यालाच इचारू. उद्या सकाळी कौल लावतो." कौल म्हणजे देवाच्या दगडाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गावात लग्नं, विहिरी, भांडणं, सगळं याच्यावर ठरायचं. मामांना रात्री झोप लागली नाही, असं काकू म्हणाली.

सकाळी उंडीखाली अर्धं गाव जमलं होतं. बायका दगडापुढच्या पायरीच्या खाली. राघोने दगड धुतला, शेंदूर लावला, फुलं भिजवली. मग तो थांबला. "देवाला अर्धी गोष्ट सांगून कौल मागायचा न्हाय. काय लिवलंय ते त्याला ऐकवायला पायजे. कोन वाचतो?"

मामा पुढे सरले तर चांगुणा म्हणाली, "तो नको. तो गोड करून वाचंल. ज्या पोरीनं आमाला वाचून दावलं तिलाच वाचू दे, तसंच." काकूने कमरेची किल्ली मुठीत धरली होती आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. शाळेत बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचं म्हणून मी एकदा तापाचं सोंग केलं होतं, आणि इथे मी वेताळाला त्याच्यावरचंच प्रकरण वाचून दाखवणार होते. मी दगडाकडे बघून सुरुवात केली. त्याला डोळे नव्हते, नुसता शेंदूर, त्यामुळे माणसांपेक्षा त्याच्याकडे बघणं सोपं गेलं.

सुरुवातीला चांगुणा दर वाक्याला देवाला सांगत होती, "आईक, आईक कसा लिवलाय." फिरंग्यांची फौज फस्त झाली तेव्हा मागून कोणीतरी पुरुष "शाबास" म्हणाला आणि मग खोकला. हळूहळू चांगुणाचं आईक-आईक कमी झालं. राघोच्या हातात ओलं फूल होतं, त्याचं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं तरी त्याला भान नव्हतं. 'छिन्नविच्छिन्न'पाशी मी अडले, तर एक म्हातारा काठीवर पुढे वाकला. वेताळ पाळण्यावर वाकला, आणि प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं.

"मंग?" तो म्हातारा म्हणाला.

"एवढंच वाचलंय," काकू म्हणाली. "त्याच्यापुढे ही उठून गेली."

सगळ्यांनी चांगुणाकडे पाहिलं. ती जरा ओशाळली, पण मागे हटली नाही. तिने हात जोडून देवाला सरळ सांगितलं, "बाबा, तुझी बदनामी झालीया. हे बुडवायला सांग." राघोने फुलं लावली, दोन्हीकडे. म्हणाला, "तिचं म्हननं झालं. आता वाचनारीचं. तिच्या तोंडातून हे समद्यांच्या कानावर आलंय, तर तिनं बी आपलं म्हननं देवाला सांगायला पायजे. मग कौल. सांग पोरी, काय वाटतं तुला ह्या पुस्तकाचं?"

मी नेहमीसारखं वाक्य मनात लावायला घेतलं. खोटं आहे म्हणावं, तर पुस्तक खाडीत. चांगलं आहे म्हणावं, तर चांगुणा आमच्या पडवीत पुन्हा पाय ठेवणार नाही. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एका वाक्यात बसेना. भागी मान उंचावून माझ्याकडे बघत होती. फुलं ओली होती, कोणतंही कधीही घसरलं असतं. आणि तेवढ्यात दिगूमामांचा धीर सुटला. भिंगं पुसत, दगडाला नमस्कार करत ते पुढे आले आणि भराभर बोलायला लागले. "अहो राघोबा, तुमचा गैरसमज होतोय. शेवटचं प्रकरण ऐका म्हणजे सगळं उलगडेल. त्या पाळण्यात खरं तर—"

मला कळायच्या आत माझा आवाज निघाला होता, आणि तो पायरीच्या वरपर्यंत गेला.

"मामा, शेवट सांगू नका." मग मी दगडाकडे वळले. "देवा, तुझ्याविषयी यात लिहिलंय ते खोटं आहे, आणि पुस्तक मला फार आवडलंय. एक प्रकरण राहिलंय. ते मी सगळ्यांना वाचून दाखवते, मग काय ते ठरव."